मास्तर ओरडले नाहीत

तिच्या हातून चहाचा कप कलंडला. टेबलावर मास्तरांनी दोन तास बसून भरलेले अर्ज होते, चौदा जणांचे. दुसऱ्या दिवशी त्या चौदा जणांची गाडीच्या परवान्याची परीक्षा होती. चहा पहिल्या अर्जावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून फोटोंवर, असा सावकाश पसरत गेला. हातातलं फडकं विसरून, खांदे आक्रसून ती उभी राहिली. असं उभं राहणं पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या अंगवळणी पडलं होतं.

मास्तरांनी अर्जांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग उठून तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागले.

"असू दे," ते म्हणाले. "पुन्हा भरतो. तुला भाजलं नाही ना?"

भाजलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. निदान काय झालंय ते तरी कळलं असतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव 'तोफ' ठेवलं होतं, आणि ते उगीच नव्हतं. गाडीच्या चारही काचा वर असल्या तरी पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला कळायचं की आत कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय. "क्लच आहे तो, पायपुसणं नाही!" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. घरी तर मध्ये काचही नव्हती. मास्तरांनी तिच्यावर हात कधी उचलला नाही, हे ती चारचौघांत अभिमानानं सांगायची. वस्तू किती उचलल्या, हे मात्र सांगायची नाही.

तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासायची. फ्रेमच्या मापाचं भिंग यंत्राच्या चाकावर धरायचं, केसाइतकं जास्त घासलं तर ते सैल बसतं, कमी घासलं तर बसवताना तडकतं. हात स्थिर लागतो. तिचा हात दुकानात दगडासारखा स्थिर असायचा आणि संध्याकाळी सहाला घरी आल्यावर थरथरायला लागायचा. मास्तरांची पावलं ती तिसऱ्या मजल्यावरून ओळखायची. एकेक पायरी वाजली तर बरा दिवस. दोन-दोन वाजल्या तर वाईट. किल्ली पहिल्या झटक्यात कुलपात गेली नाही तर तिनं जेवणाची भांडी आधीच काठापासून आत सरकवून ठेवलेली असायची.

त्यामुळे त्या दिवशी तोफ उडाली नाही तेव्हा ती वाट बघत बसली. आज नाही तर उद्या. उद्या नाही तर परवा. अकरा दिवस गेले. अकरा दिवस तिला नीट जेवण गेलं नाही. मास्तर मात्र पोटभर जेवत होते, ताट स्वतः धूत होते, आणि धुताना काहीतरी गुणगुणत होते. गुणगुणणं तर तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीही ऐकलं नव्हतं.

याआधी मास्तरांनी दोनदा राग सोडला होता. एकदा मुलगी झाली तेव्हा. ते एकोणीस दिवस टिकलं. दुसऱ्यांदा रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दटावलं तेव्हा. ते नऊ दिवस. आणि दोन्ही वेळा आवरून धरलेलं सगळं व्याजासकट बाहेर आलं होतं. म्हणून जितके दिवस जास्त, तितका तिचा जीव टांगणीला.

दुकानातल्या काउंटरवालीला तिनं आडून आडून विचारलं, "माणसाचा स्वभाव एकाएकी बदलतो का गं?"

"बदलतो की. माझ्या चुलत्यांचा बदलला होता. एकदम साखर झाले."

"मग?"

"मग काय, डोक्यात गाठ निघाली." काउंटरवालीनं चष्मा पुसत तिच्याकडे पाहिलं. "का? तुमच्याकडे कुणी गोड झालंय का? आजार नसेल तर बाई असते, एवढं लक्षात ठेवा."

त्या दिवशी तिनं दोन भिंगं तडकवली.

बाई, हे तिला आधी हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण दर बुधवारी साडेपाचला मास्तर कुठेतरी जात होते. गाडीचा शेवटचा धडा पाचला संपायचा. घरी यायचे साडेसातला. विचारलं तर म्हणायचे, "आहे जरा काम." खोटं बोलताना मास्तर नेहमी आवाज चढवायचे. आता हळू बोलत होते, त्यामुळे खरं की खोटं तेही तिला कळेना. पंचवीस वर्षं ज्या माणसाचं नाकडोळ्यांचं हवामान पाठ केलं, तो माणूसच परका झाला.

तिसऱ्या बुधवारी तिनं दुकानातून लवकर सुट्टी घेतली आणि मास्तरांच्या मागे गेली. आपल्याच नवऱ्याच्या मागे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं, लपतछपत. लाज वाटत होती, पण पाय थांबत नव्हते. मास्तर टायरवाल्याच्या गल्लीत वळले. शिलाई मशिनं दुरुस्त करायच्या दुकानाशेजारी एक लोखंडी जिना वर जात होता. ते चढून गेले. एकेक पायरी.

ती खाली उभी राहिली. वर बाई असेल तर काय करायचं, याचा तिनं विचारच केला नव्हता. भांडायचं? तिला भांडता कुठे येत होतं? थोड्या वेळानं वरून गाण्याचा आवाज आला. पाच-सात जणांचा, सूर फारसा न जुळलेला. गाणं संपलं, मग एकच आवाज राहिला, आणि तो आवाज मास्तरांचा होता. पण रडका.

ती धावतच वर गेली.

दार उघडं होतं. खोलीत तीन प्रकारच्या नऊ-दहा खुर्च्या होत्या. समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस होता, एका बाजूला किंचित कललेला. इतक्या घाबऱ्या अवस्थेतही तिच्या नजरेला ते कललेपण टोचलं. मास्तर मधोमध उभे होते, डोळ्यांवर हात धरून. "...माझी मुलगी माझ्यामुळे घर सोडून गेली," ते म्हणत होते. "मी तिचा ड्रॉइंग बोर्ड तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकला. देवा, तिच्या मनातली माझी भीती काढ."

कुणीतरी तिचा दंड धरला. एक साठीच्या बाई होत्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. डाव्या हातानं त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बस," त्या कुजबुजल्या. "तू मास्तरांची बायको ना? चेहऱ्यावरूनच कळलं. बस, पडशील नाहीतर."

म्हणजे बाई होतीच. पण अशी.

परत येताना मास्तर बस थांब्याच्या बाकावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन बस निघून गेल्या.

त्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर बासष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आल्या. चौथ्या दिवशी चढावर त्यांच्या हातून गाडी बंद पडली, आणि मास्तरांनी तोफ डागली. गाडी मागे सरकायला लागली तशी आणखी डागली. बाई गांगरल्या. नको तो पेडल दाबला. गाडी उसळून भिंतीवर गेली आणि त्यांचं मनगट मोडलं.

"तुम्ही तर म्हणाला होतात की ट्रकवाल्यानं ठोकलं," ती म्हणाली.

"खोटं बोललो." मास्तर हातांकडे बघत होते. "अगं, आमच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. माझ्याच पायाखाली होता. मी ओरडण्यात इतका गुंतलो होतो की दाबायचाच राहिला."

दुसऱ्या दिवशी ते फळं घेऊन इस्पितळात गेले. चौकशीला नव्हे, तक्रार करू नका, अशी गळ घालायला. पण सिस्टरनी त्याआधीच मास्तरांच्या कचेरीत फोन करून सांगितलं होतं की गांगरून चुकीचा पेडल त्यांनीच दाबला, मास्तरांना कुणी बोल लावू नये. मास्तर सुटकेचा निःश्वास टाकून उठायला लागले, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? तुम्ही एवढे कशाला घाबरता?"

"मी म्हटलं, मी? घाबरतो? जग मला घाबरतं!" मास्तर म्हणाले. "तर त्या म्हणाल्या, गाडीत मला तुमचा आवाज राग वाटलाच नाही. इस्पितळात अशी माणसं पुष्कळ पाहिलीत, म्हणाल्या. जितकं घाबरलेलं, तितकं मोठ्यानं ओरडतं. आणि मी तिथं, भर वॉर्डात, पोरासारखा रडलो. मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मोडक्या हातानं माझा हात धरून. येशूला सांगितलं की हा माणूस घाबरलाय, याला जवळ घे."

"मग?"

"मग घेतलं." मास्तर निघून जाणाऱ्या बसकडे बघत राहिले. "मला याहून नीट नाही सांगता येत."

कुणाही बायकोला हे ऐकून हायसं वाटलं असतं. गाठ नाही, बाई नाही, नवरा देवाच्या मार्गाला लागला. तिलाही वाटावं असं तिला फार वाटलं. पण घरी येऊन ती भाजी चिरायला बसली तेव्हा तिला कळलं की आपल्याला राग आलाय. असा राग, की सुरी फळीत रुतत होती.

त्यातच मास्तरांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांनी मुलीला पत्र लिहिलं होतं. तीन वर्षांत तिनं उंबरठा ओलांडला नव्हता. आईला दुकानाच्या वेळेत फोन करायची, तोही पाच मिनिटं. पत्राला तिचं एका ओळीचं उत्तर आलं होतं: रविवारी तीन वाजता येते, तासभर.

रविवारला चार दिवस होते.

तासभर. तासाभरात मास्तरांचा पारा किती वेळा चढून उतरायचा, तिला ठाऊक होतं. आणि मुलगी काही मेणाची नव्हती, बापाचीच होती, टोचून बोलणारच. एकदा का तोफ उडाली की मुलगी पुन्हा यायची नाही. फोनही बंद होतील. ती पाच मिनिटंही जातील. गुरुवारी संध्याकाळी दुकानातून ती थेट सिस्टरांच्या घरी गेली.

सिस्टर एका हातानं मटाराच्या शेंगा सोलत होत्या, म्हणजे सोलायचा प्रयत्न करत होत्या. तिनं टोपली ओढून घेतली.

"सिस्टर, तुमचं ते ऐकतील. मुलीला इतक्यात बोलावू नका म्हणावं. सहा महिने जाऊ देत."

"का गं?"

"हे टिकलं नाही तर?"

"घाबरायला होतंच," सिस्टर म्हणाल्या. "मलाही होतं. तो पडेलही. देवाचा हात धरला म्हणून माणूस लगेच धावायला लागत नाही."

"तुम्हाला काय जातंय बोलायला!" तिचा आवाज चढला, तिचा तिलाच नवा वाटला. "मला एक सांगा. पंचवीस वर्षं ओरडले ते. ऐकून घेतलं मी. मग तुमचा देव त्यांच्याकडे कसा गेला? भांडी त्यांनी फोडली, काचा मी गोळा केल्या. आणि माफी, शांती, गाणी, सगळं त्यांना? मी काय वाईट केलं होतं?"

मटाराचे दाणे वाटीत पडत राहिले.

"मला माहीत नाही, बाई," शेवटी त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं वॉर्डात काढली. कोणता रोगी का उठून बसतो हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही सांगता यायचं नाही. पण तो तुझ्याकडे आला नाही, हे कशावरून? तू पंचवीस वर्षं जिन्यावरच्या पावलांना कान लावून बसलीस. दुसऱ्या कुणी दार वाजवलं असतं, तर तुला ऐकू आलं असतं?"

तिला ते झोंबलं. उरलेल्या शेंगा तशाच ठेवून ती उठली.

"तुझ्यासाठी प्रार्थना करू का?"

"माझ्यासाठी नको. त्यांच्यासाठी करा."

"त्यांच्यासाठी सगळेच करतायत," सिस्टर म्हणाल्या. पण ती तोवर दारात पोचली होती.

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवाली जेवायला गेली होती. मागच्या खोलीत ती एकटी, यंत्राच्या चाकाची घरघर, आणि डोक्यात रविवारी तीन वाजताची. काय बोलणं निघेल, मग हे काय म्हणतील, मग ती काय म्हणेल, मग आपण मध्ये कसं पडायचं. हजारदा उजळणी झाली. हात थरथरायला लागला. दुकानात, भर दुपारी, पहिल्यांदाच. तिनं भिंग खाली ठेवलं आणि यंत्र बंद केलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिला नक्की माहीत नव्हतं. मग वाटलं, ज्याला हे लोक सांगतात त्यालाच सांगावं. "येशू, मला फार भीती वाटते. मला यांच्यासारखं छान बोलता येत नाही. तू असलास तर बघ काहीतरी."

झालं. एवढीच प्रार्थना. उजेड पडला नाही की अंगावर काटा आला नाही. पण एक चित्र डोळ्यांसमोर आलं आणि हलेना. सात वर्षांपूर्वीची मुलगी, सतरा वर्षांची. ड्रॉइंग बोर्ड नुकताच खिडकीतून गेलेला, खाली आपटल्याचा आवाजही विरलेला. मुलगी बापाकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती. आई आता काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघत होती. आणि आई म्हणाली होती, "तू कशाला उलट बोललीस?"

हे वाक्य ती विसरली नव्हती. तिनं ते नीट घडी घालून, मास्तरांच्या पापांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिलं होतं. आज ते वर आलं. आणि एक आलं तसं मागोमाग दुसरं, दहावं. बाबा दमलेत, गप्प बस. तूच समजून घे. लोकांना सांगू नकोस. घरातली शांतता राखायची म्हणून तिनं दर वेळी जो गप्प बसू शकत होता त्यालाच गप्प बसवलं होतं.

ती टेबलावर डोकं टेकून रडली. आणि नवल हे, की असं काही उघडं पडल्यावर जी धास्ती वाटायला हवी, ती वाटेना. आता कुणीतरी खेकसणार, असं वाटेना. त्या खोलीत तिच्याबरोबर दुसरं कुणीतरी तेच चित्र बघत होतं. सगळं बघत होतं, काही झाकत नव्हतं, आणि ओरडत नव्हतं. उठून जातही नव्हतं.

काउंटरवाली जेवून आली तेव्हा मास्तरीणबाई नाक पुसत भिंगाची कड बोटानं तपासत होत्या. "गाठ निघाली का?" तिनं घाबरून विचारलं.

"निघाली," ती म्हणाली. "माझ्यात."

तिनं मग काउंटरवालीची समजूत घालण्यात अर्धा तास घालवला.

रविवारी तीनला पाच कमी असताना मुलगी आली. खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर. नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ती नोकरीला होती. बोटांना शाईचे डाग होते. मास्तर समोर बसले. त्यांनी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती. चार दिवस घोकलेलं ते बोलले. अडखळले, पण बोलले. चुकलो. तुझा बोर्ड फेकला. तुझी शिकायची वर्षं भीतीत गेली. मला माफ कर. नाही केलंस तरी तुझं बरोबरच आहे.

मुलीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "संपलं?"

"हो."

"तुमच्या देवाचं बरं आहे, बाबा. शिव्या मी खाल्ल्या आणि माफ त्यानं करून टाकलं. मला विचारलं तरी का? सोपा धंदा आहे. वीस वर्षं तमाशा करायचा आणि मग गाणी म्हणायची."

आईनं मास्तरांकडे पाहिलं. अंगठा तर्जनीवर घासला जात होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मानेवरची शीर वर आली. हे सगळं तिला पाठ होतं. यानंतर तीन श्वास, आणि मग स्फोट. एक. तिचं अंग आपोआप पुढे झुकलं, तोंड उघडलं, आणि जिभेच्या टोकावर तेच वाक्य आलं. तू कशाला उलट बोलतेस. शब्दन् शब्द तयार होता.

"बोल," ती मुलीला म्हणाली. "तू बोल. आज तुला कुणी गप्प करणार नाही. मीसुद्धा."

मुलगी तिच्याकडे वळली. मास्तरही.

"त्या दिवशी तू माझ्याकडे बघत होतीस," आई म्हणाली. "आणि मी तुलाच बोलले. बोर्ड यांनी फेकला. पण मी तुझ्या बाजूनं उभी राहिले नाही. कधीच नाही राहिले. मला यांची भीती वाटायची हे खरं, पण तू पोर होतीस. माझी भीती मी तुझ्या डोक्यावर ठेवली. माझं चुकलं, बाळा. यांचं राहू दे बाजूला. माझं चुकलं."

मास्तर एकदम उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आई आणि मुलगी दोघीही एकाच वेळी दचकल्या, दोघींच्याही माना एकाच वेळी त्या दाराकडे वळल्या, आणि दोघींनाही एकमेकींचं ते दचकणं दिसलं. आतून नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग मास्तर बाहेर आले, तोंड ओलं, हातात पाण्याचे तीन पेले. निम्मं पाणी ताटलीत सांडलं होतं. त्यांनी पेले ठेवले आणि ते खाली बसले.

"बोल तू," ते मुलीला म्हणाले. "मी ऐकतो. मध्ये उठावं लागलं तर उठून जाईन. परत येईन."

मुलीनं पाणी प्यायलं. मग आईकडे बघून, अगदी हळू म्हणाली, "यांच्यापेक्षा मला तुझा राग जास्त होता, आई. यांचं काय, हे होतेच तसे. पण तू बरी होतीस ना."

"हो," आई म्हणाली.

मुलगी तासभर म्हणाली होती. सव्वा तास बसली. जाताना कुणाच्या गळ्यात पडली नाही. दारात एवढंच म्हणाली, "मी त्या तुमच्या खोलीत वगैरे येणार नाही. पुढच्या महिन्यात बघू."

ती पुढच्या महिन्यात आली. त्याच्या पुढच्या महिन्यात आली नाही, आणि आईचे ते तीस दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. नंतर पुन्हा येऊ लागली. मास्तरांची तोफही साफ गंजली होती असं नाही. एकदा भर चौकात एका शिकाऊ पोरीवर ती उडालीच. मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरून माफी मागितली आणि घरी आले ते मेल्यासारखे.

"सगळं गेलं," ते म्हणाले. "मी आहे तिथंच आहे."

पूर्वी अशा वेळी तिनं भांडी आत सरकवली असती. ती त्यांच्याशेजारी बसली. "माफी मागायला उतरलात की नाही? आधी कधी उतरला होतात?" ती म्हणाली. "चला, दोघं मिळून सांगू त्याला." आणि जेवणाच्या टेबलापाशी बसून दोघांनी सांगितलं. तिची प्रार्थना अजूनही तशीच होती, चार शब्दांची, कधी पाच.

बुधवारी ती मास्तरांबरोबर जाऊ लागली होती. पहिले काही बुधवार दाराजवळच्या खुर्चीवर. तिथले पास्टर दिवसभर पार्सलच्या गोदामात काम करायचे आणि कधीकधी गोदामाचं जाकीट न काढताच यायचे. वर्ष सरता सरता तिनं त्यांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मास्तरांचा आधीच झाला होता. मास्तरांनी घेतला म्हणून नव्हे, असंही तिनं बजावलं.

पास्टरनी गोदामामागच्या अंगणात मोठी टाकी भरून ठेवली होती. सकाळची वेळ. सिस्टर आल्या होत्या, मनगट आता बरं होतं, आणि गाडी स्वतः चालवत आल्या होत्या, फाटकाचा खांब थोडक्यात वाचला होता. मुलगीही आली होती. येणार नाही म्हणाली होती, म्हणून ती फाटकापाशीच उभी राहिली, पिशवी खांद्याला.

आईला पाण्याची लहानपणापासून भीती. गुडघाभर पाण्यातही तिचा श्वास अडकायचा. टाकीच्या काठाशी आली आणि तिचे पाय जागच्या जागी थिजले.

पास्टर आत कमरेभर पाण्यात उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "भीती वाटते का? आज राहू दे, पुढच्या आठवड्यात करू. काही घाई नाही."

तिनं मागे वळून पाहिलं. मास्तर टॉवेल छातीशी धरून उभे होते, तिच्याहून घाबरलेले. फाटकाजवळची मुलगी दोन पावलं पुढे आली होती.

"नको," ती म्हणाली. "भीत भीतच उतरते."

आणि पास्टरांचा हात धरून ती पाण्यात उतरली.